तांब्याचे सोंग घेणाऱ्या तारेस अनावृत पत्र

प्रति,
श्री. सीसीए लॅन केबल,
मुक्काम: घरोघरच्या केसिंग पट्ट्या,
कामण, ता. वसई, जि. पालघर.

विषय: आपल्या निष्ठावान सेवेबद्दल अभिनंदन व कार्यमुक्तीबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सर्वप्रथम आपले अभिनंदन. ‘कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम’ हे आपले पूर्ण नाव दुकानात कोणी उच्चारत नाही. ‘कॅट-सिक्स आहे, बिनधास्त घेऊन जा’ एवढ्या शिफारशीवर आपण घरात प्रवेश मिळवता. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. लॅन केबलच्या मानकांना आत तांबेच लागते, ही गोष्ट आपण कधी मनाला लावून घेतली नाही. एवढा आत्मविश्वास आम्हाला दहावीच्या निकालालाही नव्हता.

आपणास बोलावण्याची वेळ का आली, तेही सांगतो. कामणमध्ये घरांवर मजले चढले आणि तळमजल्यावरचे वायफाय स्लॅबखालीच बसून राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये तर ते पाऊलही टाकत नाही. उपाय म्हणून चार अँटेनांचा राउटर आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२००. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची उदार मनाने केलेली बेरीज, जी एका मोबाईलला एका वेळी कधीच मिळत नाही. त्याच राउटरची पाठ पाहिली, तर पोर्ट १०० एमबीपीएसचे! दरमहा ३०० एमबीपीएसचे पैसे भरायचे आणि ते १०० च्या भोकातून घरात घ्यायचे. एवढे करून वायफाय वर चढेना, म्हणून शेवटी आपणास ओढले. महामार्गावर भरधाव आलेली गाडी चिंचोटीला कामणकडे वळली की तिचा वेग इंजिन ठरवत नाही, खड्डे ठरवतात. त्यातले आमच्या घरातले खड्डे आपण.

आपली कार्यपद्धती तर शासकीय कार्यालयांनी अभ्यासावी अशी. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. आपली त्या चारांबाहेरची एखादी तार वळणावर मोडली (आणि ॲल्युमिनियम असल्याने ती मोडतेच), तर आपण संप करत नाही. निमूटपणे १०० वर उतरता. नेटवर्क स्विचवरचा दिवा लुकलुकत राहतो, हजेरी लागते, काम मात्र एक दशांश. घरचे लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, तो राउटर बंद करून चालू करायला सांगतो आणि आपण भिंतीत सुखरूप.

आपल्या जोडीला कॅमेरा दिला, तेव्हा तर आपण कमालच केली. लॅन केबलमधूनच वीज पुरवण्याच्या जुन्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे लांबवर ओढल्यावर त्यातली बरीच वीज आपण वाटेतच स्वतःला गरम करण्यात खर्च करता. दिवसा निभावते. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, भार वाढतो आणि कॅमेरा गुडूप. चोराची एवढी काळजी घेणारा सेवक विरळा.

तरीही काही कठोर निर्णय घ्यावे लागत आहेत. आपल्या गैरहजेरीत कारभार असा चालेल:

नवी केबल अस्सल तांब्याची असेल. घरातल्या गिगाबिटला कॅट-५ई १०० मीटरपर्यंत पुरते. भिंत फोडायचीच असेल तर कॅट-६. ‘कॅट-८ घ्या साहेब, भविष्य आहे’ म्हणणाऱ्याला नम्र नकार, कारण ती ३० मीटरपुरती आणि सर्व्हरच्या खोल्यांसाठी आहे. आमच्या माळ्यावर सर्व्हर नाही, लोणच्याच्या बरण्या आहेत.

स्विच साधा, सेटिंग नसलेला, पण खोक्यावर १०/१००/१००० लिहिलेला. उपकरणे चार असतील तर आठ पोर्टचा, कारण टीव्हीच्या पाठोपाठ कॅमेरा येतोच. राउटरही अँटेना मोजून नव्हे, मागचे पोर्ट वाचून.

लाईटच्या वायरींसोबत एकाच पाइपात केबल कोंबली जाणार नाही. प्रत्येक खोलीला एकाऐवजी दोन तारा, कारण तार स्वस्त आणि पुन्हा भिंत फोडणे महाग. अंगणापलीकडच्या भावाच्या घरापर्यंत तांबेही नको, फायबर. तुंगारेश्वरच्या डोंगरावर वीज कडाडू लागली की तांब्यातून ती दोन्ही घरांची उपकरणे जाळू शकते, काचेतून वाहत नाही. राउटर, फायबरची डबी आणि स्विच यांना एक छोटा यूपीएस, कारण पावसाळ्यात लाईट आपल्याइतकीच बेभरवशाची.

यात राउटर तीन-चार वर्षांनी बदलेल, स्विच कधी ना कधी जळेल. भिंतीतली तार मात्र पुढच्या रंगकामापर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे राहणार. म्हणून यापुढे पैशाची कात्री अँटेनांवर चालेल, तारेवर नाही. आपल्यासारख्यांना ओळखण्याची रीतही गावभर सांगितली जाईल: केबलच्या टोकाशी तार ब्लेडने खरवडायची. आत लालसर निघाली तर ठेवायची, पांढरी निघाली तर गल्ल्यावर परत.

सबब, आपणास तत्काळ कार्यमुक्त करण्यात येत आहे. आपली रवानगी भंगारवाल्याकडे होईल. तांब्याच्या भावाची अपेक्षा तिथे ठेवू नये. तो ‘कॅट-सिक्स’ वाचत नाही, तो खरवडून बघतो.

कळावे,
आपला (यापुढे नसलेला) ग्राहक,
एक कामणकर