बिनविरोध नगरसेवक साहेबांस

मा. नगरसेवक साहेब,


तुमचं अभिनंदन करायचं तर नेमकं कशाबद्दल, तेवढं आधी कळवा. आमच्या नगरपरिषदेचं मतदान 2 डिसेंबर 2025 ला झालं. तुमच्या अंगावर गुलाल मात्र त्याआधीच, माघारीच्या दिवशीच पडला. जेसीबीतून फुलं उधळली गेली आणि चौकात फ्लेक्स लागला, 'जनतेने बिनविरोध निवडून दिले'. साहेब, त्या जनतेत मीही येतो. मला कुणी विचारलं? केंद्रावर नगराध्यक्षासाठी बटण होतं, प्रभागाच्या 'अ' जागेसाठी होतं. तुमच्या 'ब' जागेसाठी दाबायला काहीच नव्हतं. इतकी वर्षं प्रशासकाच्या कारभारात काढली, गटार तुंबलं तर कुणाचं दार वाजवायचं ते कळेना, म्हणून या निवडणुकीची वाट पाहिली. ती तुम्ही परस्पर उरकलीत.

आमच्या आळीत खानावळ चालवणाऱ्या एका ताईंनी तुमच्यासमोर अर्ज भरला होता. पक्ष नाही, पैसा नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून त्यांनी दाखला आणला, सूचक मिळवले, अनामत भरली. छाननीत अर्ज टिकला. त्या घरोघर जाऊन एकच गोष्ट सांगत होत्या, पाणी एक दिवसाआड का येतं याचा हिशेब सभागृहात मागीन. माघारीच्या आदल्या रात्री तुमची माणसं त्यांच्या दारात आली. त्यांचा भाऊ नगरपरिषदेत कंत्राटी सफाई कामगार आहे, याची त्यांना आठवण करून दिली गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी अर्ज मागे घेतला. आणखी एका उमेदवाराला म्हणे स्वीकृत सदस्यपदाचा शब्द मिळाला. त्याचं त्याला लखलाभ. मला राग आहे तो ताईंच्या भावाच्या पगाराला तुम्ही हात घातलात याचा.

मतदान झालं असतं तर तुम्ही पडलाच असता, असा माझा दावा नाही. तुमच्याकडे माणसं आहेत, गाड्या आहेत, कदाचित सहज निवडून आला असता. मग एका खानावळवालीची एवढी धास्ती कशाला घेतलीत? की भीती आमच्या बोटाची होती? स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची, असं राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये ठरवलं. समोर एकही उमेदवार नसला की मतदान होत नाही आणि 'नोटा'ही उरत नाही. नको म्हणायची सोयसुद्धा तुम्ही आमच्याकडून काढून घेतलीत.

जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी ग्रामपंचायतींची निवडणूक आयोगानं रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. तिथली बोली उघड होती, म्हणून पुरावा सापडला. तुमचा व्यवहार बंद दाराआड झाला, एवढाच काय तो फरक.

खुर्चीवर बसला आहातच, तर निदान तो फ्लेक्स उतरवा. त्यावर आमचं नाव घालायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि ताईंच्या भावाची नोकरी शाबूत राहते की नाही, यावर आमची नजर आहे.

प्रभागातल्या शेजाऱ्यांनो, पुढच्या खेपेला ताईंनी पुन्हा उभं राहावं म्हणून आपणच त्यांच्याकडे जाऊ. माघारीची मुदत संपेपर्यंत दहा-बारा जण त्यांच्या ओट्यावर बसून राहू.

आपला,
मत न मागितलेला मतदार