श्रद्धांजलीचा प्रोमो

तीस सेकंदांत गुन्हा सांगून होत नाही, माणूस सांगून होतो. हे ज्यांना कळलं त्यांनीच गुन्हेगारी मालिकांचे चांगले प्रोमो केले. बाकीचे सायरन वाजवतात, निळा उजेड पाडतात आणि पांढऱ्या चादरीबाहेर आलेले पाय दाखवतात. असला प्रोमो कुठल्याही मालिकेला चिकटवा, काही बिघडत नाही. म्हणूनच तो फुकट गेलेला प्रोमो.

‘सीआयडी’ घ्या. १९९८च्या जानेवारीत सोनीवर सुरू झाली आणि २०१८पर्यंत चालली, दीड हजारांहून जास्त भाग. त्यातले खून किती आठवतात? आठवतो तो एसीपी प्रद्युम्नचा हवेत फिरणारा पंजा, त्याच्या पथकातल्या अभिजीतची संशयी नजर आणि दयाच्या धडकेनं उखडलेलं दार. प्रोमोवाल्यांना याहून मोठं भांडवल कोण देणार? पात्राची सवय प्रेक्षकांना पाठ असते. ती एकदाच मोडून दाखवायची आणि तिथंच थांबायचं. बंद दारासमोर दया हात खाली सोडून उभा आहे, एवढं एक दृश्य पुरे. याला झालंय काय, हे घरातलं पोरही विचारेल.

मालिका डिसेंबर २०२४मध्ये परत आली, तेव्हाच्या प्रोमोनं हे नेमकं साधलं. अभिजीत दयावर गोळी झाडतो. खुनी कोण, हा प्रश्नच नाही. अभिजीत असं करेलच कसा, हा आहे. वर्षानुवर्षांची दोस्ती पणाला लागली आणि लोक टीव्हीसमोर बसले. उत्तम काम.

मग एप्रिल २०२५ उजाडला. बॉम्बस्फोटात प्रद्युम्न गेला. कथेत पात्र मारणं हा लेखकाचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाहिनीनं समाजमाध्यमांवर प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटम यांचा चेहरा आणि १९९८ ते २०२५ अशी सालं टाकून श्रद्धांजली वाहिली. आपल्याकडे अशी पोस्ट खरं माणूस गेल्यावर येते. लोकांच्या काळजात चर्र झालं, कित्येकांनी मनापासून शोक केला. थोड्याच काळात साहेब मालिकेत परत हजर!

ही उत्कंठा नव्हे, फसवणूक आहे. सत्तावीस वर्षं जपलेल्या पात्रावरचा लोकांचा विश्वास एका पोस्टसाठी खर्चून टाकला. पुढच्या वेळी प्रद्युम्नच्या कानशिलाला पिस्तूल लागेल, तेव्हा प्रोमो बघणारा खुशाल वाहिनी बदलेल.

प्रोमो लिहिणाऱ्यांनो, पात्राची भीती वापरा, राग वापरा, मैत्री वापरा. श्रद्धांजलीची चौकट मात्र खऱ्या मृत्यूसाठी राहू द्या.