शेवट सोडून सगळं आवडलं

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला आणि अकलूजची रिंकू राजगुरू महाराष्ट्राची आर्ची झाली. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी पोरगी सगळ्यांना आपलीच वाटली. अर्थात, पडद्यावर असेपर्यंतच.

दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी एक आगाऊपणा केला. तीन तास अजय-अतुलच्या गाण्यांवर नाचवलं आणि शेवटी आवाजच काढून घेतला. आईबाप रक्तात पडलेले आणि त्या रक्तात पाय माखून बाहेर निघालेलं लेकरू. रडणंसुद्धा ऐकू येत नाही. थेटरातून बाहेर पडणाऱ्यांची तोंडं अशी, की जणू कुणी त्यांचाच पत्ता विचारलाय.

‘सैराट’च्या २०१८ च्या हिंदी रिमेकमध्ये, ‘धडक’मध्ये, नायिकेला जिवंत ठेवलं. नवरा आणि पोर मात्र गेले. म्हणजे मुडदे दोनच, हिशेब चोख.

आपला तोडगा त्याहून सोपा. शेवट सोडायचा, गाणं ठेवायचं. लग्नसराईत या, दाखवतो. बायोडाट्यात जात, पोटजात, कूळ बघून, उसाचं क्षेत्र विचारून, छत्तीसातले गुण मोजून जमलेलं लग्न. वरात निघते, डीजेवर ‘सैराट’चं ‘झिंगाट’ लागतं आणि सगळ्यात पुढं रुमाल फिरवत नाचतात मुलीचे काका. परवाच त्यांनी पुतणीचा मोबाईल काढून घेतला होता. घामाघूम होऊन म्हणाले, “पिक्चर एक नंबर होता ओ. तेवढा शेवट जरा...”