आधी अपेक्षित, मग प्रत्यक्ष

काल्हेरच्या टॉवरांत घर घेऊन रोज कशेळीचा पूल ओलांडत ठाण्यात कोड लिहायला जाणाऱ्या मंडळींत हा गृहस्थ असतोच. दुसऱ्याचा कोड तपासायला बसला की त्यातली हुशारी त्याला दिसत नाही. दिसतं एवढंच, की टेस्टमध्ये दोन किमती सारख्या आहेत का हे तपासणाऱ्या ‘असर्टइक्वल्स’च्या कंसात त्या उलट्या पडल्यात. शेरा ठरलेला: ‘आधी अपेक्षित, मग प्रत्यक्ष.’ हे खूळ ऑफिसात थांबत नाही. चहाचा घोट घेतला की, ‘अपेक्षित: कमी साखर, प्रत्यक्ष: पाक.’ ट्रॅफिकमध्ये अडकला की, ‘अपेक्षित: वीस मिनिटं, प्रत्यक्ष: अजून पुलावरच.’ बायकोने वाद घालणं केव्हाच सोडलंय. ती ‘अपेक्षित: नवरा’ एवढं म्हणून वाक्य अर्धवट ठेवते.

त्याच्यावरचा आक्षेप साधा आहे. 200 आणि 197 सारखे का, हे कुठूनही विचारा, उत्तर ‘नाही’च. क्रम उलटला म्हणून पास होणारी टेस्ट नापास होत नाही. खरंय, आणि म्हणूनच ही चूक कोडमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदते. पास झालेली टेस्ट गप्प असते. नापास झाली की बोलते, आणि नेमकी तेव्हाच उलटं बोलते. काल्हेरच्या गोदामवाल्याला हे समजावावं लागणार नाही. चलानावर 200 खोकी, उतरवून मोजली तर 197: तीन शॉर्ट, ड्रायव्हरला थांबवा. रकाने अदलाबदल झाले की तीच तीन खोकी जादा ठरतात. ड्रायव्हर सही घेऊन पसार, आणि गोदामवाला जादा मालाचा धनी शोधत बसतो. टॅली जुळत नाही हे दोन्हीकडे कळलं, पण शोधायचं कुठे ते फिरलं. कोडातही तेच: माणूस धडधाकट हिशेब ‘दुरुस्त’ करायला घेतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हा क्रम ठरवला कुणी? केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिट या जावाच्या टेस्ट लायब्ररीत अपेक्षित आधी. त्याच जावातल्या टेस्टएनजीमध्ये प्रत्यक्ष आधी. पायथनने तर ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणून हात झटकले. बरं, जेयुनिटही कुठे स्थिर आहे? टेस्ट नापास झाल्यावर छापायचा संदेश चौथ्या आवृत्तीपर्यंत सुरुवातीला लिहायचा, 2017च्या पाचवीपासून शेवटी. संदेश, अपेक्षित आणि प्रत्यक्ष हे तिन्ही मजकूरच असतील तर जुनी ओळ नव्यात बिनतक्रार कंपाइल होते आणि तुमचा संदेशच ‘अपेक्षित’ म्हणून छापून येतो! तेव्हा क्रमात पावित्र्य काही नाही, हे मान्य. पण संदेश छापणारी लायब्ररी एकच क्रम गृहीत धरून वाक्य जुळवते; तिच्याशी बेबनाव केला की वाक्य खोटं होतं. ‘असर्टदॅट’ची वाचता येणारी धाटणी वापरली तर घोटाळा कमी होतो. नुसत्या ‘असर्टट्रू’ने मात्र वाढतो: ‘अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स’ यातून कुणाला काय कळावं?

एवढं सगळं त्याच्या बाजूने बोलावं लागतं, कारण रात्री दोनला बिल्ड फुटल्यावर ज्याला पहिल्या ओळीतच चूक सापडते, त्याला ती ओळ कुणी सरळ करून ठेवली हे माहीत नसतं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात साहेब लिहितात: ‘अपेक्षित: नेतृत्व. प्रत्यक्ष: क्षुल्लक गोष्टींत अडकतो.’ बढती हुकते. पण रकाने बरोबर क्रमाने भरलेत, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो सही करतो.