सहीवाले अप्पा

अप्पांची मेल उघडली की मजकूर शोधावा लागतो. ‘बिल पोहोचले, कळावे’ एवढा निरोप वर अंग चोरून बसलेला असतो आणि त्याखाली अप्पांची सही सुरू होते. निवृत्त मुख्याध्यापक. माजी सचिव, पतसंस्था. विद्यमान उपाध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक संघ. सल्लागार, भजनी मंडळ (गाता येत नाही, म्हणून सल्लागार). मग ता. शहादा, जि. नंदुरबार, पिनकोड, दोन मोबाइल नंबर आणि अगदी तळाशी: ‘देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या टेंभलीत दिला गेला, ते गाव आमच्याच तालुक्यात.’ त्या दिवशी अप्पा तिथे होते. मांडवाच्या बाहेर, पण होते.

“सही म्हणजे माणूस,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शाळेच्या शिक्क्यावर ‘जि. धुळे’ होतं. नवा शिक्का येईपर्यंत अप्पांनी ब्लेडने रबरातलं ‘धुळे’ खरवडून काढलं आणि दाखल्यामागून दाखल्यावर त्या मोकळ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरात ‘नंदुरबार’ लिहिलं. शिपाई ब्लॉटिंग पेपर घेऊन शेजारी उभा.

अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर पुतण्याने थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम बसवून दिला. दुसऱ्याच दिवशी मला फोन. “दख ना भो, मनी सही फिकी दखाई राहिनी!” जाऊन पाहिलं तर मॉनिटरचा उजेड शेवटपर्यंत वाढवलेला, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि सही तरीही फिकीच.

मी समजावलं, की दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे एक मोकळी जागा ही ईमेलमधली जुनी खूण आहे. निरोप संपला, आता सही, असा तिचा अर्थ. म्हणून हा प्रोग्राम त्याखालचं सगळं फिकं दाखवतो आणि उत्तर लिहिताना ते गाळूनही टाकतो. अप्पांनी चष्मा काढला. “गाळतो?” विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, जुन्या रिवाजाप्रमाणे सही चार ओळींचीच असावी. “चार ओळींत माझं नुसतं ‘माजी’सुद्धा मावणार नाही!”

शेवटी पुतण्याने पुण्याहून फोनवर इलाज सांगितला. एक सेटिंग बदलायची, प्रोफाइलच्या फोल्डरात ‘क्रोम’ नावाचा नवा फोल्डर करायचा, त्यात एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात सहीचा रंग लिहायचा. अप्पा एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत होते, श्रुतलेखन घ्यावं तसं. “महिरपी कंस उघडला. पुढे?” अर्धविराम मात्र त्यांनी न सांगता दिला. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि सही झळकली: गडद, जांभळी, थेट शिक्क्याच्या शाईची.

हा रंग फक्त अप्पांच्याच पडद्यावर दिसतो. मेल ज्याला जाते त्याला नाही. हे पुतण्याने त्यांना सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

परवा संघाचे अध्यक्ष चहाला आले होते. पडद्यावरची सही पाहून म्हणाले, “अप्पा, आमचीही अशी जांभळी करून द्या की.”

अप्पांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आधी माजी तर व्हा.”