ऑफिसच्या आधी एक डोंगर

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत रात्रीतून फूटभर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक गृहस्थ हमखास ओळखू येतो. नऊच्या मीटिंगला तो वेळेवर हजर असतो. केस टोपीनं चपटे झालेले, नाकाचा शेंडा लाल, आणि चेहऱ्यावर नुकतंच सगळ्यांना फसवून आल्याचं समाधान. कुणी न विचारताच तो सांगतो, "पहाटे वर जाऊन आलो." वर कुठे, हे मात्र चहा पाजला तरी सांगत नाही.

'वर' म्हणजे शहराच्या पूर्वेला उभी असलेली वॉसाच पर्वतरांग. लिटल कॉटनवुडच्या खोऱ्यात आल्टा नावाचं जुनं स्की केंद्र आहे, तिथे 1939 पासून लिफ्ट चालते. खुर्चीत बसावं, वर जावं, घसरत खाली यावं. ही सोय आपल्या गृहस्थांना मान्य नाही. लिफ्ट सुरू झाली की शेकडो लोक उतारावर तुटून पडतात आणि तासाभरात त्या बर्फाची रया जाते. ह्याला हवा असतो कुणाचीही रेघ न उमटलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ. तो उरतो फक्त जिथे लिफ्ट पोचत नाही तिथे. मग स्वतःच्या पायांनी चढणं आलं, आणि नऊची मीटिंग गाठायची तर तीनला उठणं आलं.

अशा पहाटफेरीला तिकडे 'डॉन पेट्रोल' म्हणतात. ब्लॅक डायमंड ही गिर्यारोहणाचं सामान बनवणारी कंपनी 1991 मध्ये या शहरात आली, आणि तिच्यातल्या मंडळींनी कामाआधी डोंगर उरकण्याची प्रथा चांगलीच गाजवली. त्यांतल्या अँड्र्यू मॅक्लीननं तर वॉसाचमधल्या उभ्या उतारांवर अख्खं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. आपले गृहस्थ ते पुस्तक बाळगतात, पण लिहिणाऱ्यावर मनातून थोडे नाराज असतात. सगळ्यांना कशाला सांगायचं!

त्यांची सामग्री बघण्यासारखी असते. चढताना स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. केस एकाच दिशेला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. बुटाची टाच चढताना मोकळी, उतरताना बंद. बुटाला स्कीशी जोडणाऱ्या हलक्या बाइंडिंगची युक्ती फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसानं जड सामानाला कंटाळून काढली. त्याच्या या वंशजांना ग्रॅमचं वेड आहे. शंभर-दोनशे ग्रॅम वाचवायला ते भलेमोठे डॉलर मोजतात आणि मग त्याच पिशवीत कॉफीचा भरलेला थर्मास कोंबतात.

हिशेब असा: चढायला दोन तास, उतरायला पाच-सात मिनिटं. मोठ्या कंपनीचा ताळेबंद तपासून पोट भरणारा माणूसही हा व्यवहार फायद्याचा आहे असं शपथेवर सांगतो. आपला बर्फ जगात सर्वांत हलका, कारण तो खाऱ्या सरोवरावरून येतो, हेही तो ठासून सांगतो. तिथल्याच विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ जिम स्टीनबर्ग यांनी आल्टाच्या हिमवृष्टीत सरोवराचा वाटा अगदी थोडा असल्याचं दाखवून दिलंय. त्यांचं पुस्तकही गृहस्थांच्या कपाटात आहे. दावा जागच्या जागी आहे.

आता भीतीची बाजू. भुसभुशीत बर्फ जिथे छान लागतो, त्याच 30 ते 45 अंशांच्या उतारांवर हिमस्खलनं होतात, आणि माणूस गाडला जातो तेव्हा सरकलेला थर बहुतेक वेळा त्यानं किंवा त्याच्या सोबत्यानंच हलवलेला असतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारा बीकन, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसायची लांब काठी. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर वाचण्याची आशा बरी असते, पुढे ती झपाट्यानं घसरते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही, सोबतीच काय तो देव. त्यामुळे नवा जोडीदार निवडताना हा माणूस त्याची बर्फावर बीकन शोधण्याची परीक्षा घेतो. घरातल्या जावयाची इतकी कसून चौकशी झाली नसेल.

यूटा ॲव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाबद्दलचा सविस्तर अंदाज सकाळी साडेसातच्या सुमारास येतो. तोवर हे लोक शिखरावर, म्हणून केंद्रानं त्यांच्यासाठी भल्या पहाटे फोनवर ऐकता येईल असा खास संदेश ठेवलाय. गृहस्थ तो श्रद्धेनं ऐकतात, बर्फात खड्डा खणून थर तपासतात, सगळं शास्त्रशुद्ध. पण समोरच्या कड्यावर दुसऱ्याचे हेडलॅम्प लुकलुकताना दिसले की शास्त्र डगमगतं. आपल्या आधी तो तिथे पोचला तर? इयन मॅकॅमन यांनी 2004 मध्ये सातशेहून अधिक अपघात तपासून नेमक्या याच हावेला सापळा म्हटलं होतं. ओळखीच्या डोंगरावर उत्तम प्रशिक्षण घेतलेले लोकही जवळपास नवख्यांइतकाच धोका पत्करतात, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्या माणसाला हा अभ्यास पाठ आहे. तो दुसऱ्यांबद्दल आहे, अशी त्याची खात्री आहे.

कामानिमित्त त्या शहरात जाणाऱ्या मराठी मंडळींना असा सहकारी भेटणारच, आणि "उद्या पहाटे येतोस का?" असंही तो विचारील. बीकन हाताळता येत नसेल तर सरळ नाही म्हणा, आणि त्याला वाईट वाटेल याची काळजी करू नका. एक हिस्सेदार कमी झाला म्हणून तो खूशच होईल. आल्टाच्या लिफ्टचं तिकीट काढा. फक्त स्नोबोर्ड नेऊ नका, आल्टात तो आजही चालत नाही.