पंचवीस फुटी बिऱ्हाड आणि एक रुमाल

बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसलो. आतल्या बाजूला. हे ‘आतल्या बाजूला’ महत्त्वाचं आहे. आत बसणाऱ्याला जगातली माणसं फक्त छातीपासून कपाळापर्यंत दिसतात आणि ती सगळी एकच प्रश्न विचारतात, “मिळेल का हो?” त्यावर मान न उचलता “वेटिंग” म्हणायचं असतं. माझ्या आयुष्यातली सत्ता एवढीच. घरी ती कधी चालली नाही.

त्यामुळे कॅल्गरीहून चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे या, आरव्ही घेऊन उत्तरेला युकॉनपर्यंत जाऊ, आणि मुक्कामांचं सगळं नियोजन तुम्ही करा. रिझर्व्हेशनमधलं आम्हाला काय कळतंय?” तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी ताठ बसलो. हे वाक्य सूनबाईंनी पढवलेलं होतं आणि त्यामागचा हेतू मी महिनाभर तरी तिच्या स्वयंपाकात लक्ष घालू नये हा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आरव्ही म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवलेलं वन रूम किचन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं हे पंचवीस फुटी. आत गॅस, फ्रिज, पलंग, संडास, आणि पोटाखाली दोन टाक्या: एक काळी, एक करडी. कुठल्या टाकीत काय साठतं हे जेवायच्या आधी विचारू नये. हे बिऱ्हाड रात्री कुठेही उभं करून चालत नाही. त्यासाठी कॅम्पग्राउंड लागतं, तिथे नंबराची जागा लागते, आणि उन्हाळ्यात ती जागा मिळेल का हो, असं विचारावं लागतं. म्हणजे खिडकीच्या बाहेरून.

आमचा मार्ग अलास्का महामार्गाचा होता. डॉसन क्रीक या गावात त्याचा शून्य मैल आहे. तिथून सुमारे २,२०० किलोमीटर जाऊन तो अलास्कात डेल्टा जंक्शनला संपतो. आम्ही मात्र अलास्का महामार्गावरून अलास्काला न जाता परतणार होतो, कारण अलास्का अमेरिकेत आहे, आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत नातवाची मुंज होऊन गेली असती.

वाटेत लिअर्ड नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. हिला ते हवे होते. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी कॅम्पग्राउंडचं आरक्षण चार महिने आधी, त्यांच्या सकाळी सात वाजता उघडतं. त्यांचे सकाळचे सात म्हणजे फेब्रुवारीत मिरजेचे रात्रीचे साडेआठ. चार महिन्यांची मुदत बघून मला गहिवरून आलं. आमच्याकडेही बरीच वर्षं १२० दिवसच होते, आता साठ केले. म्हटलं, आपल्याच घरातला कारभार आहे.

साडेआठच्या ठोक्याला मी बोट टेकवलं. आठ एकतीसला पडद्यावर जागा दिसत होती. मी नाव, वय, गाडीची लांबी फुटात असं सगळं नीट, सुवाच्य भरलं. आठ तेहतीसला जागा गेलेली होती. दुसऱ्या दिवशी आठ बत्तीसला गेली. तिसऱ्या दिवशी वीज गेली. चौथ्या दिवशी मी पडद्याकडे बघून काहीतरी पुटपुटलो, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुणाशी बोलताय?”

मी म्हणत होतो, “बघा की साहेब, काहीतरी.”

हे शब्द माझे नव्हते. मे महिन्यातल्या एका दुपारी, काखेत इस्पितळाची फाइल धरलेले एक गृहस्थ खिडकीच्या पलीकडून मला तेच म्हणाले होते. मुंबईला जायचं होतं त्यांना. मी “पुढचा” म्हणालो होतो. कोटा संपलेला होता, ते खरंच आहे. पण मी मान वर केली नव्हती.

असो. अकराव्या दिवशी कुणीतरी आपली जागा सोडली आणि ती मला मिळाली. जगात कुठेही जा, आरक्षणाच्या दुनियेत देवाचं नाव कॅन्सलेशन हेच आहे. मी वहीत लाल शाईने लिहिलं: लिअर्ड, कन्फर्म.

आता वहीबद्दल. शेजाऱ्यांच्या कॅनडातल्या भाच्याने वापरलेलं ‘माइलपोस्ट’ नावाचं जाडजूड पुस्तक माझ्या हाती आलं होतं. १९४९ पासून निघणारं हे पुस्तक म्हणजे त्या रस्त्याचं टाइमटेबल. कुठल्या मैलावर पेट्रोल, कुठल्या मैलावर पाव, कुठे वळण, कुठे अस्वल. मी त्यातले ठळक अक्षरातले आकडे वहीत उतरवले. फोर्ट नेल्सन ३००. लिअर्ड ४९६. बारीक अक्षरं वाचली नाहीत. बारीक अक्षरं प्रवाशांनी वाचायची असतात, हे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो. त्याउपर कॅनडातल्या रस्त्यांवर १९७७ पासून किलोमीटर आले, हे मला आधीच ठाऊक होतं. अर्धं ज्ञान असलं की चूक पूर्ण होते. तीनशे म्हणजे तीनशे किलोमीटर, दुपारचं जेवण. चारशे शहाण्णव म्हणजे संध्याकाळी पाचचा चहा झऱ्याकाठी.

चिरंजीवांनी घरून निघताना जाहीर केलं, “या ट्रिपमध्ये फोनवर नकाशा बघायचा नाही. सगळं बाबांच्या वहीप्रमाणे.” मला त्याचा अभिमान वाटला. त्याला पुढे तीन दिवसांनी स्वतःबद्दल काय वाटलं, ते त्याने बोलून दाखवलंच.

कॅल्गरी ते डॉसन क्रीक दोन दिवसांत झालं. त्या दोन दिवसांत एवढंच शिकलो की मुक्कामाला गाडी समतल उभी करावी लागते, नाहीतर फ्रिज कुरकुरतो आणि झोपलेला माणूस पहाटे भिंतीला चिकटलेला सापडतो. चिरंजीव त्यासाठी पातळी दाखवणारी नळी लावायचा. ही तव्यावर धिरडं घालायची. धिरडं खिडकीकडे वाहत गेलं की चाकाखाली एक फळी, दाराकडे गेलं की पलीकडच्या चाकाखाली. नळी एकदा चुकली, धिरडं कधी नाही.

तिसऱ्या दिवशी डॉसन क्रीकहून निघायला दहा वाजले. पाणी भरणं, टाक्या रिकाम्या करणं आणि हिची पूजा ही तिन्ही कामं एकाच नळावर होती. मी म्हटलं, हरकत नाही, दोन वाजता फोर्ट नेल्सनला जेवू.

दोनच्या सुमाराला रस्त्याकडेच्या खांबावर ३०० आकडा दिसला. चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली. “बाबा, फोर्ट नेल्सन.”

आम्ही सगळे खाली उतरलो. पुढे रस्ता, मागे रस्ता, दोन्हीकडे स्प्रूसची झाडं. एक कावळा होता, पण तोही वस्तीचा वाटत नव्हता.

“लहान आहे गाव,” ही म्हणाली.

नातू नऊ वर्षांचा आहे. त्याने माझी वही घेतली, पुस्तक घेतलं, आणि ज्या शांतपणे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात त्या शांतपणे म्हणाला, “आबा, हे मैल आहेत.” मग त्याने तीनशेला एक पूर्णांक सहाने गुणलं. चारशे ऐंशी आले. झाडांना टेकून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. कुणी काही बोललं नाही. डासांनी मात्र पहिली पंगत उठायची वाट बघितली नाही.

गंमत अशी की फोर्ट नेल्सन ४८० वरही आलं नाही. ते ४५४ लाच आलं, म्हणजे चूक कळल्यावर केलेला हिशेबही चुकला. पेट्रोल पंपावरच्या बाईंनी उलगडा केला. पर्ल हार्बरनंतर अमेरिकन सैन्याने हा रस्ता १९४२ साली जेमतेम आठ महिन्यांत काढला. दहा हजारांवर सैनिक होते, त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. बुलडोझर दलदलीत रुतू नयेत म्हणून वाट मिळेल तिकडे वळवत नेली. पुढे वर्षानुवर्षं वळणं सरळ केली आणि रस्ता आखडला. पण मैलांचे जुने आकडे लोकांच्या तोंडी बसले होते, दुकानांचे पत्ते झाले होते, ते तसेच राहिले. म्हणजे ‘मैल ३००’ हे अंतर नाही, आडनाव आहे. आमच्याकडे पाटील असतात, त्यांच्याकडे पाटीलकी असतेच असं नाही, तसं. ज्या सैनिकांनी ती वळणं थंडीत कुडकुडत खोदली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या दिवशी पाच वाजता, लिअर्ड अजून तीनशे किलोमीटर दूर असताना, मला ती वळणं सरळ करणाऱ्यांचे पाय धरावेसे वाटले.

पुढे डोंगर सुरू झाले. बिऱ्हाड चढावर ताशी पन्नासवर आलं आणि आतली भांडी भजनी मंडळासारखी वाजू लागली. चिरंजीव एवढंच म्हणाला, “एकदा फोनवर बघितलं असतं तर बरं झालं असतं.”

मी म्हणालो, “मग मला कशाला सांगितलंस? फोनलाच न्यायचं होतंस फिरायला.”

हे मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण त्यानंतर समिट लेकपर्यंत गाडीत फक्त भांडीच बोलत होती. समिट लेक हा या महामार्गाचा सर्वांत उंच टप्पा, १,२९५ मीटर. तिथे दगडी कड्यांखाली निळं पाणी होतं. मी ते बघितलं नाही. मी रागात होतो. मंचो लेक नावाचं पाचूच्या रंगाचं लांबच लांब सरोवर लागलं. आमच्याकडे त्या नावाच्या जवळपासचं सूप मिळतं, हा विनोद मी मनातच ठेवला. त्यानंतर रानगव्यांसारखे बायसन रस्त्यात उभे. हॉर्न वाजवायचा नसतो. वीस मिनिटं आम्ही त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे बघत राहिले. त्यांच्यातला म्हातारा सर्वांत शेवटी, सावकाश रस्त्याबाहेर गेला. ही म्हणाली, “नियोजन त्याचं असणार.” तेव्हा चिरंजीव हसला. मग मीही.

साडेदहाला लिअर्डला पोचलो. उत्तरेतला जून, झाडांच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं. आमच्या जागेच्या खांबावर आमच्या आडनावाची चिठ्ठी लावलेली होती. तीन अक्षरं चुकलेली. पूर्वी डब्याला चार्ट चिकटवायचे, त्यात लोक बोटाने आपलं नाव शोधायचे आणि सापडलं की त्यांचा चेहरा असा का व्हायचा, ते मला त्या खांबापाशी कळलं. मी चिठ्ठीवरून दोनदा बोट फिरवलं.

सकाळी लवकर झऱ्यावर गेलो. कोमट दलदलीवरून लाकडी फळ्यांची पायवाट जाते. पाणी बेचाळीस ते बावन्न अंशांचं, वर वाफ, कडेला नेचे. ही पंजाबी ड्रेससकट पायऱ्या उतरली, गळ्यापर्यंत बुडाली आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लहानपणी आई वज्रेश्वरीच्या कुंडावर घेऊन गेली होती. तिचे गुडघे दुखायचे. असाच वास होता.” आणि थोड्या वेळाने, “तिला इथे आणायला हवं होतं.” सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी हिच्या शेजारी पाण्यात बसलो. माझेही गुडघे दुखतातच.

परत येऊन वही उघडली तर पुढच्या सगळ्या पानांवर, माझ्या लाल आकड्यांशेजारी, पेन्सिलीने किलोमीटर लिहिलेले होते. अक्षर चिरंजीवांचं. रात्री कधीतरी, दिवसभर गाडी चालवून झाल्यावर. त्यावर तो काही बोलला नाही, म्हणून मीही नाही.

पुढे वॉटसन लेकला पाट्यांचं रान बघितलं. १९४२ मध्ये कार्ल लिंडली या सैनिकाने घरच्या आठवणीने आपल्या गावाची पाटी ठोकली, आणि तेव्हापासून येणारे-जाणारे ठोकतच आहेत. आता ऐंशी हजारांच्या वर आहेत. नातवाला ‘मिरज’ अशी पाटी लावायची होती. “आबा, अंतर मैलात लिहू की किलोमीटरमध्ये?” पाटी राहिली.

युकॉनमध्ये शिरलो आणि माझं सगळं करिअर निकालात निघालं. आमच्या वाटेवरच्या तिथल्या सरकारी कॅम्पग्राउंडना आरक्षणच नव्हतं. जो आधी येईल त्याची जागा. दाराशी पेटी, पेटीशी लिफाफे. पैसे घालायचे, चिठ्ठी खांबाला लावायची. सरपण फुकट. खिडकी नाही, आत बसलेला माणूस नाही. कुणाला विचारायचं, मिळेल का हो?

पण रेल्वेच्या आधी मी एसटीचा प्रवासी होतो. रिकाम्या जागेवर हक्क कसा सांगायचा, हे मला शिकवावं लागत नाही. क्लुआनी सरोवराकाठच्या काँग्डन क्रीकला पोचलो, तेव्हा चिरंजीव गाडी वळवत असतानाच मी उतरलो, पाण्यासमोरची जागा हेरली, तिथल्या लाकडी टेबलावर माझा पांढरा रुमाल पसरला आणि वर दगड ठेवला. मग लिफाफा भरायला गेलो. तिथे अस्वलांच्या सूचना वाचण्यात वेळ गेला. त्या भागात सोपबेरी नावाची फळं पिकतात आणि अस्वलं त्यासाठी येतात, म्हणून तंबूवाल्यांना विजेच्या कुंपणात झोपवतात. परत येतो तर माझ्या टेबलाशी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी खुर्च्या मांडून बसलेले. रुमाल नाही.

मी त्यांना रुमालाचा कायदा समजावून सांगितला. चिरंजीव भाषांतर करत होता. त्याने निम्मं गाळलं असावं. ते गृहस्थ तांबडेलाल झाले, उठून खुर्च्या मिटायला लागले, पाच-पाच वेळा क्षमा मागायला लागले. कुणाचातरी रुमाल राहिलाय असं वाटून तो त्यांनी पाचशे पावलं चालत जाऊन फलकावर लावून ठेवला होता म्हणे.

मी आजूबाजूला पाहिलं. अर्धं कॅम्पग्राउंड रिकामं होतं. शेजारची जागासुद्धा. समोर तेच सरोवर, तेच डोंगर.

“बसा, बसा,” मी म्हणालो. मराठीतच. त्यांना कळलं.

रात्री हिने त्यांना थालीपीठ पाठवलं, त्यांनी आम्हाला फोडलेलं सरपण दिलं. सकाळी निघताना फलकापाशी गेलो. अस्वलांच्या दोन नोटिसांच्या मधोमध माझा रुमाल चारी टोकांना टाचण्या लावून नीट ताणून बसवला होता. मी एक टाचणी काढली, मग परत लावली.

“अहो, घ्या ना तो,” ही गाडीतून म्हणाली.

म्हटलं, असू दे. जागा धरलेली बरी.